शनिवारची छोटी खोली घ्या, उद्घाटनाची संध्याकाळ सोडा

नाशिकमधल्या एका विद्यापीठाच्या संगीत-नृत्य विभागाचं नव्या सत्राचं वेळापत्रक लागलं आहे. सुरुवातीला मोठ्या सभागृहात उद्घाटनाची मैफल, मग महिन्यातून दोन शनिवारी विभागातल्या शिक्षकांच्या गाण्याच्या बैठका, अधेमधे कथकची एक संध्याकाळ, एक स्वतंत्र तबलावादन, थंडीत बासरी-सतारीची जुगलबंदी आणि सत्र संपता संपता विद्यार्थ्यांच्या एकांकिका. सगळ्याला प्रवेश मोफत. विभागाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. खाली ज्या खोडी सांगितल्या आहेत त्या कॉलेजांच्या बहुतेक सभागृहांत सापडतात, एकालाच धोपटण्यात अर्थ नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. शनिवारच्या बैठका चुकवू नयेत अशा आहेत, कथकची संध्याकाळ अर्धी जमते, आणि उद्घाटनाची मैफल खुशाल टाळावी. गाणारे-वाजवणारे सगळीकडे तेच. फरक पडतो तो खोलीनं, वेळेनं आणि माइकनं.

शिक्षकांचं गाणं म्हटलं की बरेच रसिक नाक मुरडतात. मास्तरांचं गाणं म्हणजे वहीतलं, असा समज. निदान नाशिककरांनी तरी असं म्हणू नये. गाणं शाळा काढून शिकवता येतं आणि शिकवणाऱ्यानं लोकांपुढे मानानं गावं, हे ज्यांनी रुजवलं त्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे याच गावात रामनाम आधार आश्रम उभा केला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर 1921 साली जन्मले तेही नाशिकलाच. विष्णु दिगंबर 21 ऑगस्ट 1931 ला गेले, त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि त्याच्या प्रवेशिका-मध्यमा-विशारद परीक्षांना आजही इथल्या गल्लीगल्लीतली पोरं बसतात. मास्तरांच्या गाण्याला या गावात घर आहे.

त्या गाण्याची ताकद मांडणीत असते. दिवसभर मुलांना रागाची चौकट उलगडून सांगणाऱ्या माणसाच्या बढतीत, म्हणजे राग हळूहळू फुलवण्यात, एक शिस्त येते. कुठला स्वर कधी उघडायचा, कुठल्यावर थांबायचं, कुठला नुसता दाखवून मागे फिरायचं, हे ऐकणाऱ्याला लख्ख कळतं. उणीव तानेत दिसते. रियाजाचे तास हजेरी, पेपर तपासणी आणि नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फायली खाऊन टाकतात, मग द्रुतमध्ये, म्हणजे जलद लयीत, दमसास कमी पडतो आणि तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) थोडी घाईत समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. हे माहीत धरून गेलात तर पस्तावणार नाही. आतषबाजी हवी असेल तर दुसरीकडे जा. यमन आणि शुद्ध कल्याण यांतला फरक कान उघडा ठेवून ऐकायचा असेल, तर यापेक्षा स्वस्त आणि बरी जागा नाही.

आता मोठं सभागृह. हे भाषणांसाठी बांधलेलं आहे. मागची भिंत सपाट, गिलाव्याची. खाली फरशी, वर काँक्रीट. मंचापासून मागची भिंत वीसेक मीटरवर. पुढच्या रांगेत बसलेल्याच्या कानावर आवाज एकदा मंचावरून येतो आणि एकदा भिंतीवर आपटून, चाळीस मीटरचा फेरा घालून. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे हा दुसरा आवाज 0.12 सेकंद उशिरा पोचतो. द्रुत तीनतालाची लय मिनिटाला 240 मात्रा धरा आणि मात्रेला दोन स्वरांची तान धरा. सेकंदाला आठ स्वर झाले, एका स्वराच्या वाट्याला 0.125 सेकंद. भिंतीवरून परतलेला गंधार नेमका मध्यमाच्या डोक्यावर येऊन बसतो. गायकाची तान कितीही दाणेदार असो, खाली पिठलंच पोचतं. आलापात हाच घुमारा गोड लागतो, म्हणून पहिली वीस मिनिटं लोक खूश असतात आणि द्रुत लागल्यावर चुळबुळतात. दोष गळ्याचा नसतो.

सभागृह भरलं की त्रास कमी होतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. पण उद्घाटनाला पुढच्या पाच रांगा 'राखीव' म्हणून रिकाम्या, मागे हजेरीच्या सहीपुरते आलेले विद्यार्थी, आणि सही झाली की तेही पसार. अर्ध्या रिकाम्या काँक्रीटच्या खोक्यात विलंबित (संथ लयीचा) ख्याल असा तो प्रकार होतो. मागच्या भिंतीला जाड मखमली पडदा चुण्या घालून लावला तरी निम्मं काम होईल. पडदा भिंतीला चिकटून नको, वीतभर पुढे हवा, नाहीतर खालच्या स्वरांना काही फरक पडत नाही.

त्यात ध्वनिव्यवस्थेचा कंत्राटी पोरगा मिक्सरवर 'एको'चं बटण फिरवून ठेवतो. खोलीतच इतका घुमारा असताना वरून आणखी कशाला? कारण साधं आहे. कार्यक्रमाआधीची तपासणी "हॅलो, माइक चेक, वन टू थ्री" एवढ्यावर होते, आणि बोलण्याला एको बरा वाटतो. तपासणी तानपुरे लावून, गायकाला खर्जात एक आलाप आणि तारसप्तकात एक पुकार घ्यायला लावूनच करायला हवी. तसं होत नाही, म्हणून मग ठरलेला प्रसंग घडतो. गायक मंद्र पंचमावर हलक्या आवाजात जातो, मागून कुणीतरी "आवाज येत नाही" अशी खूण करतं, पोरगा माइक वाढवतो, आणि मंचावरचा मॉनिटर (कलाकाराला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) स्वतःचाच आवाज माइकमध्ये ढकलून किंकाळी फोडतो. राग तिथंच फाटतो. मॉनिटर माइकच्या पाठीमागच्या दिशेला, गायकाकडे तोंड करून ठेवला आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणला, तर आवाज न वाढवताही भागतं. या सभागृहात मॉनिटर बाजूला, तबल्यापलीकडे ठेवलेला दिसतो. तिथून तो तबलजीच्या माइकमध्ये ओततो आणि डग्गा सतत घुमत राहतो. वरचे पंखे चालू राहिले तर माइकमध्ये फर्रफर्र वेगळीच.

वेळेचा हिशेबही बघा. पत्रिकेत गायनाला 45 मिनिटं. दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ आधीच उरकलेलं असावं असं आपल्याला वाटतं, पण कलाकार मंचावर बसल्यावर त्याचा परिचय वाचला जातो. गुरूंची नावं, परीक्षा, पुरस्कार, परिसंवाद, शोधनिबंध, अशी सात मिनिटं. तोवर लावलेले तानपुरे एसीच्या झोतात उतरतात-चढतात, ते पुन्हा लावायला पाच. उरली तेहेतीस. शेवटी नाट्यपद किंवा अभंग हवाच, त्याचे आठ काढा. पंचवीस मिनिटांत बडा ख्याल आणि छोटा ख्याल दोन्ही. विलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं एक आवर्तन 48 सेकंदांचं. सबंध पंचवीस मिनिटं विलंबितालाच दिली तरी आवर्तनं एकतीस. द्रुतला आठ मिनिटं ठेवली तर एकवीस. एकवीस आवर्तनांत मारवा मांडायचा म्हणजे गायक पहिल्या पाचातच धैवत-रिषभाची सगळी गंमत सांगून मोकळा होतो, आणि नंतर त्याला नुसता वेग वाढवावा लागतो.

दुसरी गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे, आणि ती कळली की पुढची अर्धी मैफल समजते. एका संध्याकाळी दोन-तीन कलाकार असले की तबला कुठल्या पट्टीत, म्हणजे कुठल्या मूळ स्वराला लावलेला, आहे ते ऐका. समजा पहिल्या बाई काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गातात आणि त्यांच्यानंतरचे बुवा काळी एकमध्ये. तबल्याचा स्वर गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) वरखाली ठोकून आणि गजऱ्यावर (कडेच्या वेणीवर) हातोडीनं ठोकून एक-दोन पट्ट्या हलवता येतो, काळी चारवरून वर काळी एकपर्यंत नेता येत नाही. पुडी (वरचं चामडं) फाटेल किंवा दणदणीत लागणार नाही. म्हणून दोन तबले लागतात, एक ढाल्या स्वराचा आणि एक चढा. विभागाकडे चांगला वाजणारा तबला एकच असेल तर तबलजी एक जुनी युक्ती करतो, काळी एकचा तबला दोघांनाही वापरतो. काळी एक हा काळी चारच्या षड्जाचा शुद्ध मध्यम होतो. बाईंनी मालकंस, बागेश्री किंवा केदार घेतला तर हे छान जमतं, कारण तिथं शुद्ध मध्यम राजा आहे. पण त्यांनी यमन किंवा मारवा घेतला तर प्रत्येक 'ना' रागात नसलेला स्वर ठोकत राहतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, नुसतं 'आज रंगलं नाही' म्हणतो. विभागानं वेळापत्रकात कलाकारांचा क्रम लावताना पट्टी बघितली तर हा प्रश्न उद्भवतच नाही. एका संध्याकाळी एकाच पट्टीच्या आसपासचे दोन गळे ठेवा, किंवा मध्ये वादन घाला.

तानपुऱ्याचंही तसंच. चार तारांपैकी पहिली सहसा पंचमाला, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला उतरवतात. मारव्यात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, तिथं निषाद लावतात. पहिल्या कलाकारानंतर मागे बसलेल्या विद्यार्थिनीनं खुंटी फिरवून पहिली तार बदलली का, मग मणी सरकवून बारीक केली का, आणि घोडीवरचा दोरा हलवून जवारी (तारेचा झंकार) उघडली का, एवढं बघा. शनिवारच्या बैठकांत हे सगळं डोळ्यांसमोर होतं, दहा मिनिटं कुणी घाई करत नाही, आणि तीच दहा मिनिटं शिकण्यासारखी असतात. जवारी बरोबर बसली की एकाच तारेतून वरचे स्वर मधमाश्यांसारखे उठतात आणि न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. मोठ्या सभागृहात मात्र मोबाइलमधला तानपुरा सरळ माइकला लावलेला असतो. पहिल्यासाठी लावलेला पंचम दुसऱ्याच्या मारव्यातही तसाच.

त्या शनिवारच्या खोलीबद्दल. मूळची ही तासांची खोली आहे, साठेक माणसं मांडी घालून बसतील एवढी. खाली सतरंज्या, भिंतीला दोन लाकडी कपाटं, त्यांत तंबोऱ्यांच्या गवसण्या आणि जुन्या वह्या, खिडक्यांना जाड पडदे. आवाजासाठी हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण सतरंजी, पडदे, कपडे आणि कपाटांच्या खाचाखोचा मिळून घुमारा नेमका तुटतो. माइक नाही. पंखे आलाप सुरू होताना बंद करतात, ही फार चांगली सवय. गायक दोन-तीन मीटरवर, त्यामुळे श्वास कुठे घेतला, मुर्की गळ्यात कशी वळली, पेटीवाला गळ्यामागे जाताना अर्धा क्षण कसा थांबतो, सगळं दिसतं. एकच सावधगिरी: माइक नसल्यामुळे तबलजीचा हात जड असेल तर तो गाण्यावर चढतो. तबला बहुतेकदा गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे आपल्या डावीकडे. म्हणून उजवीकडे, पेटीच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत बसा. अगदी पुढे बसलात तर तानपुऱ्यांच्या झंकारात बंदिशीचे शब्द हरवतात.

बंदिशीचा कागद हे या बैठकांचं खरं वैशिष्ट्य. दारातच एक झेरॉक्स देतात: राग, थाट, आरोह-अवरोह, ताल, स्थायी-अंतऱ्याचे शब्द आणि भातखंडे पद्धतीची स्वरलिपी. मात्रा मोजत सम कुठल्या अक्षरावर आहे ते डोळ्यांनी बघत ऐकता येतं. खालीच कोपऱ्यात गायकाची पट्टी आणि विलंबिताची अंदाजे लयही लिहिलेली असते. असा कागद व्यावसायिक मैफलीत सहसा हाती पडत नाही. तक्रार एवढीच की प्रती तीसच काढतात आणि पहिल्या दहा मिनिटांत संपतात. मोबाइलवर फोटो काढून घ्या, पण आलापाच्या आधी, आणि फ्लॅश बंद करून.

बैठकीनंतरचे प्रश्नही ऐकून जा. एखादी मुलगी विचारते, "सर, इथं रिषभावर न्यास केला तर चालेल का?" आणि सर गाऊनच उत्तर देतात, एकदा चालणारा न्यास (स्वरावरचा मुक्काम), एकदा न चालणारा. पाच मिनिटांचा तो भाग कित्येकदा मैफलीपेक्षा सरस होतो.

वेळापत्रकावर मोठा आक्षेप आहे तो वेळेचाच. जवळजवळ सगळं संध्याकाळी सहाला. परिणाम असा की बहुतेक सत्रभर मारवा, पूरिया, यमन, पूरिया धनाश्री, आणि उशीर झाला तर बागेश्री किंवा मालकंस. तोडी, ललित, अहिर भैरव, जौनपुरी, दुपारचे सारंग, तिसऱ्या-चौथ्या प्रहराचे भीमपलास आणि मुलतानी हे विद्यार्थ्यांना वर्गात शिकवतात आणि मैफलीत सहसा ऐकवत नाहीत. विद्यार्थी परीक्षेत तोडीचा गंधार किती उतरता हे लिहितो, पण सकाळी आठला तो कानावर पडलेला नसतो. या वेळच्या यादीत सुदैवानं एक शनिवार सकाळी साडेसातचा आणि एक दुपारी चारचा आहे. हे दोन तर डोळे मिटून घ्या. सकाळच्या बैठकीला विभागातल्या ज्येष्ठ बाई असतील तर त्या वेळेआधी दहा मिनिटं तंबोरे लावून तयार असतात. साडेसात म्हणजे साडेसातच. पावणेआठला पोचणाऱ्यानं मंद्रातला आलाप गमावलेला असतो.

हवामानाचा भाग नाशिकमध्ये फार जाणवतो, आणि आयोजक तो धरत नाहीत. जून ते सप्टेंबर चामडं ओल धरतं. तबल्याची पुडी सैल पडून स्वर उतरतो, डग्गा थबथब वाजतो. अशा दिवसांत तबला कार्यक्रमाच्या ठिकाणी निदान तासभर आधी आणून ठेवावा, म्हणजे तो खोलीच्या हवेत स्थिरावतो. रिक्षातून उतरवला आणि थेट मंचावर नेला, तर पहिल्या ख्यालात तीनदा हातोडी काढावी लागते. डिसेंबर-जानेवारीत उलट. पारा दहाच्या खाली जातो, हवा कोरडी होते, पुडी ताणून स्वर चढतो.

बासरी आणि सतार यांची जुगलबंदी थंडीच्या रात्री उघड्या मंचावर ठेवली आहे, तिथं तर हवेचा खरा कस लागेल. थंडीत धातूची तार आकसते, ताण वाढतो, सतार चढते. थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो, म्हणून बासरी उतरते: दर अंश सेल्सिअसला सुमारे तीन सेंट, आणि शंभर सेंट म्हणजे पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. संध्याकाळी सहाला 24 अंशांवर जुळवलेली वाद्यं रात्री नऊला 14 अंशांवर आली की बासरी तीस सेंटपर्यंत खाली सरकू शकते आणि सतार वर. फुंकर गरम असल्यामुळे वाजत असताना बासरी थोडी सावरते, पण दुसऱ्याची पाळी चालू असताना मांडीवर पडून राहिली की पुन्हा थंड. म्हणूनच जाणते बासरीवाले थंडीत बासरी शालीत गुंडाळून किंवा काखेत धरून बसतात. दोन्ही वाद्यं एकमेकांपासून विरुद्ध दिशेला जात असताना मध्ये पेटी असली तर ती तिसरीच गोष्ट सांगते, कारण तिच्या पत्त्या जवळजवळ हलत नाहीत. हा कार्यक्रम आत घ्यावा. नाहीच घेतला तर पहिला अर्धा भाग ऐका, मध्यंतरात निघा.

कथकच्या संध्याकाळीचं 'अर्धी जमते' हे मत जमिनीमुळे आहे. विभागातल्या नृत्यशिक्षिकांचं तत्कार (पायांचं काम) स्वच्छ आहे, तिहाया चोख, आणि एका पायात शंभर-दीडशे घुंगरू असूनही हव्या त्या वेळी एकच घुंगरू वाजवण्याइतका ताबा. पण उद्घाटनाच्या मंचावर मान म्हणून लाल गालिचा अंथरतात आणि तो काढायचं कुणाला सुचत नाही. गालिच्यावर टाच आणि पंजा यांतला फरक ऐकू येत नाही, उरते ती फक्त घुंगरांची सळसळ. खाली सरळ सिमेंट असेल तर आवाज कोरडा येतो आणि गुडघ्यांचं नुकसान होतं ते वेगळं. हवा तो लाकडी चौकटीवर घट्ट स्क्रूनं बसवलेला 18-19 मिलिमीटर प्लायवूडचा मंच. फळ्या नुसत्या टेकवलेल्या असल्या तर प्रत्येक पावलाला 'ढब' असा पोकळ आवाज येऊन बोलांतलं 'तत्' आणि 'थेई' सारखंच ऐकू येतं.

माइकचाही गोंधळ. पढंतसाठी (बोल तोंडानं म्हणण्यासाठी) एक माइक हातात, आणि पायांसाठी मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत निदान एक लागतो. इथं एकच होता, तोही उभ्या स्टँडवर. चक्कर घेताना बाई त्याच्यापासून सारख्या जपत होत्या. नगमा (तालाच्या आवर्तनाएवढी फिरती धून) धरणारी पेटी मागच्या कोपऱ्यात आणि तिला माइकच नाही. नृत्यात नगमा हा घड्याळाचा काटा. तो ऐकू आला नाही तर बघणाऱ्याला समेची गंमत कळत नाही, आणि नाचणाऱ्याला फक्त तबल्यावर अवलंबून राहावं लागतं. अभिनयाच्या भागात हे काहीच आड येत नाही, म्हणून गतभाव आणि ठुमरीसाठी जरूर जा. बसायची जागा: मधल्या रांगा, थोड्या उंचीवर. पुढे बसलात तर मंचाची कड पाय लपवते.

स्वतंत्र तबल्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पेशकार, कायदे, रेला, गती, तुकडे, चक्रदार असा रीतसर क्रम, प्रत्येक रचनेआधी पढंत, बोल स्पष्ट. नवख्या श्रोत्यानं ऐकण्याआधी हातावर तीनतालाच्या सोळा मात्रा मोजण्याचा सराव करून जावं, टाळी-खाली धरता आली तरी तास मजेत जातो. हाही छोट्या खोलीतच आहे, हे बरं.

एकांकिकांचा दर्जा दर वर्षी विद्यार्थ्यांच्या तुकडीवर अवलंबून. शिरवाडकर आणि कानेटकर ज्या गावात राहून लिहीत होते तिथं अपेक्षा जास्त असणारच. पण कालिदास किंवा साईखेडकर नाट्यगृहात नाटक बघायची सवय असलेल्यांनी प्रकाशयोजनेकडे फार बघू नये, इथं चार दिवे आणि एक स्विचबोर्ड आहे.

आता जायचं कसं. तारखा बदलतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारं पत्रक बहुतेकदा पहिलं असतं आणि दुरुस्त केलेलं पत्रक फिरतच नाही. आदल्या दिवशी विभागाच्या कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचारा: खोली कुठली, कलाकार बदलला आहे का, आणि आधी दुसरा समारंभ आहे का. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण समारंभ असेल तर सहाची मैफल सातला. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात 27 तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनामुळे सभागृहं आधीच अडकलेली असतात, मार्चमध्ये परीक्षा सुरू होतात. तेव्हाच्या तारखा पक्क्या मानू नका. ऑगस्टमध्ये 18 ला पलुस्करांची जयंती आणि 21 ला पुण्यतिथी, त्या आठवड्यात गावात एकाच संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी गाणं असण्याचा संभव असतो. तेव्हा माइक नसलेली जागा निवडा.

नाशिकरोडहून येणाऱ्यांनी एक तास हाताशी ठेवावा. सिंहस्थाच्या कामांसाठी कुठला रस्ता कधी उकरतील याचा भरवसा नाही. सिटीलिंकची बस सीबीएसपर्यंत (मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत) सोयीची, पुढे रिक्षा. स्वतःची गाडी असेल तर आवारात आत न्यायच्या भानगडीत पडू नका. कार्यक्रम सुटल्यावर एकाच फाटकातून सगळे निघतात आणि वीस मिनिटं हॉर्न ऐकावे लागतात. गाडी बाहेर, तोंड रस्त्याकडे करून लावा.

कँटीन शनिवारी तीनला बंद होतं. चहा मध्यंतरात विभागाकडून मिळतो, कागदी कपात, गोड मिट्ट. सकाळच्या बैठकीला येणाऱ्यांनी मिसळ नंतर खावी. आधी खाऊन सतरंजीवर दीड तास मांडी घालून बसणं अवघड जातं. थंडीत फरशीचा गारवा सतरंजीतून वर येतो, एक घडीची चादर सोबत असू द्या. गुडघे दुखत असतील तर मागच्या भिंतीशी आठ खुर्च्या असतात, त्या पंधरा मिनिटं आधी भरतात.

आणि भैरवी सुरू होताच चपला शोधायला उठू नका. दार गायकाच्या समोर आहे, उघडलं की व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटचा झोत थेट त्यांच्या तोंडावर पडतो. रखवालदार मागचं फाटक नऊला लावतो, पण आतून गाणं ऐकू येत असेल तर थांबतो.